उतार, अण्णा आणि न्यूट्रल

दिवस पहिला : सांगली ते सातारा, मग कास

उतार दिसला की आमच्या अण्णांचा डावा हात आपोआप गिअरच्या दांड्यावर जातो. खट्ट. गाडी न्यूट्रल. इंजिनाचा आवाज खाली बसतो, टायरची सळसळ तेवढी उरते आणि भाजीवालीनं न मागता कोथिंबिरीच्या दोन काड्या पिशवीत टाकल्यासारखं समाधान अण्णांच्या चेहऱ्यावर पसरतं. पेट्रोल वाचलं! चाळीस वर्षं ते असंच वाचवत आलेत.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा होता. अण्णा शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी कास त्यांनी पाहिलं नव्हतं. आईला गुडघ्यांमुळे जमेना, म्हणून तिनं तिच्या जागी भावाला पाठवलं. मामा उभी हयात ट्रकवर. आधी क्लीनर, मग ड्रायव्हर. सांगलीहून कधी साखर, कधी हळद भरून कुंभार्ली घाटानं चिपळूणला जायचं आणि मिळेल तो माल घेऊन परत यायचं. मला वाटलं, न्यूट्रलच्या बाबतीत हे दोघं एका बाजूला होणार आणि मी एकटा पडणार. डिझेल वाचवायला ट्रकवाले उतारावर गाडी सोडून देतात, हे आपण सगळेच ऐकत आलोय.

सकाळी सहाला निघालो. आष्टा, पेठ नाका, मग हायवे. कऱ्हाडात मिसळ. साताऱ्यात लॉजवर पिशव्या टाकून दुपारी कासच्या रस्त्याला लागलो.

कासबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी भर घालत नाही. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत नाव गेल्यापासून तिथं फुलांपेक्षा मोबाइल जास्त उमलतात. तेरड्याचा गुलाबी गालिचा मात्र खरंच डोळ्यांत मावत नाही. मामांनी कुंपणाबाहेरून तो नीट न्याहाळला आणि म्हणाले, "आमच्या बांधाला हे ढिगानं येतं. तितं कुनी तिकीट काढत न्हाय."

परतताना अण्णा स्टिअरिंगवर. यवतेश्वरच्या पुढं घाट सुरू झाला, खाली सातारा, समोर अजिंक्यतारा, आणि खट्ट.

"अण्णा, गिअरमध्ये राहू द्या ना."

"कशाला? उतार फुकट आहे."

"गिअरमध्ये असताना पेट्रोल जातच नाही."

"इंजिन फिरतंय आणि पेट्रोल जात नाही? मग काय हवेवर फिरतं?"

खरं तर हवेवरच फिरतं. हल्लीच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर पडलेला आहे, ॲक्सिलेटरवरून पाय काढलाय आणि इंजिनाचे फेरे पुरेसे आहेत, असं दिसलं की गाडीचा कॉम्प्युटर इंजेक्टर बंद करतो. इंजिनाला तेव्हा चाकंच फिरवत असतात, पेट्रोलची गरज नसते. फेरे हजार-दीड हजाराच्या आसपास उतरले की गाडी बंद पडू नये म्हणून पेट्रोल पुन्हा सुरू. न्यूट्रलमध्ये मात्र चाकांचा आणि इंजिनाचा संबंध तुटतो. मग इंजिन स्वतःच्या खर्चानं फिरत राहतं, सिग्नलला उभं असताना फिरतं तसं.

हे मी मास्तरांना शिकवत होतो, त्यामुळे पुरावा लागणारच. डॅशबोर्डखालच्या सॉकेटमध्ये लावायचा छोटा स्कॅनर मी ऑनलाइन मागवला होता, तो मोबाइलला जोडून मामांच्या हातात दिला. आणि तिथंच फजिती झाली. ॲपवरचा 'तासाला इतकं लिटर' हा आकडा गिअरमध्येही शून्यावर येईना.

"तुझ्याच मोबाइलवर तर दिसतंय," अण्णा आनंदानं म्हणाले.

ते ॲप पेट्रोल मोजतच नव्हतं. इंजिनात हवा किती जाते त्यावरून ते पेट्रोलचा अंदाज बांधत होतं, आणि हवा तर जातच होती. मग मी ऑक्सिजन सेन्सरचा आकडा लावला. सायलेन्सरकडे जाणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते हा सेन्सर सांगतो; ऑक्सिजन जास्त, तर आकडा लहान. न्यूट्रलमध्ये आकडा ०.१ ते ०.८ व्होल्टच्या मध्ये पोरं उड्या मारतात तसा खालीवर उड्या मारत होता, म्हणजे आत जाळ चालू. तिसरा गिअर टाकून अण्णांनी पाय काढला, दोन सेकंदांत आकडा शून्याजवळ येऊन गपगार पडला. बाहेर येत होती ती नुसती हवा.

"मेला काय ह्यो?" मामांनी मोबाइल कानाशी हलवून बघितला.

अण्णा गप्प झाले, पण पटलेले नव्हते. रात्री जेवताना त्यांनी चेतक स्कूटर काढली. तिथं मात्र मलाच गप्प बसावं लागलं. जुनी चेतक टू-स्ट्रोक. तिच्या इंजिनाला ऑइल मिळतं ते पेट्रोलात मिसळलेलं. लांब उतारावर गिअर ठेवून ॲक्सिलेटर मिटला तर इंजिन जोरात फिरतंय, पण पेट्रोल कमी, म्हणजे ऑइलही कमी. पिस्टन कोरडा पडायची भीती. तेव्हाचे मेकॅनिक उतारावर क्लच दाबा, नाहीतर अधूनमधून रेस द्या म्हणून सांगायचे, ते उगाच नव्हतं. पुढं घेतलेली मारुती ८०० कार्ब्युरेटरची. तिच्यात पाय काढला तरी इंजिन थोडंबहुत पेट्रोल ओढतच राहायचं, फेरे जास्त तर ओढही जास्त. म्हणजे अण्णांची सवय त्या गाड्यांपुरती बरोबर होती. २००० च्या आसपास गाड्यांत इंजेक्शन आलं, हात मात्र तोच राहिला.

दिवस दुसरा : सातारा, मेढा, महाबळेश्वर, वाई

मेढ्यावरून केळघर घाटानं वर गेलो. हा रस्ता मला पाचगणीच्या रस्त्यापेक्षा आवडतो. गर्दी कमी आणि पावसाळ्याच्या शेवटी दोन्ही अंगांना पाणी. मी चालवत होतो, बराच घाट दुसऱ्या गिअरला. अरुंद वळणावर समोरून एक पर्यटकांची गाडी भसकन खाली आली आणि आम्हालाच हॉर्न द्यायला लागली. अरुंद घाटात चढणाऱ्याला वाट द्यायची, उतरणाऱ्यानं थांबायचं, हा नियम आहे. चढावर थांबलेली गाडी पुन्हा उचलणं किती जिकिरीचं, हे ज्याला ठाऊक त्यालाच तो पटतो.

"कितव्या गिअरला चढलास?" मामांनी मागून विचारलं.

"दुसऱ्या."

"मग ह्यो घाट दुसऱ्यातच उतरायचा. ज्या गिअरनं चढ, त्याच गिअरनं उतार. आमच्या वस्तादानं पयल्या दिवशी ह्येच शिकवलं."

आरशात बघितलं तर अण्णा खिडकीबाहेर बघत होते.

महाबळेश्वरला धुकं इतकं की प्रत्येक पॉइंटवरून एकच पांढरा पडदा दिसला. भाजलेली कणसं खाल्ली, वेण्णा लेकला चक्कर मारली आणि चारच्या सुमाराला पाचगणीकडे निघालो. पाचगणी सोडताना अण्णा म्हणाले, "आण इकडं. तुम्ही दोघं नुसते बोलता, मी चालवतो."

पाचगणी ते वाई साधारण तेरा किलोमीटर, आणि त्यात गाडी जवळपास सहाशे मीटर खाली येते. पसरणी घाट. पाऊस भुरभुरत होता. पुढं एक भरलेला टेम्पो, त्याच्या पुढं एक बस, सगळी रांग तीसच्या वेगानं. अण्णांनी सुरुवातीला तिसरा ठेवला, मला दाखवायला. दोन वळणांनंतर हात गेलाच. खट्ट. मी बोललो नाही, कारण बोललं की ते आणखी करतात. न्यूट्रलमधली गाडी टेम्पोच्या मागं धावायची, ब्रेक, पुन्हा धावायची, पुन्हा ब्रेक. पुढंपुढं तर त्यांचा पाय ब्रेकवरून उठतच नव्हता.

वास पहिल्यांदा मामांना आला. जळक्या रबरासारखा, पण रबराचा नव्हे. तव्यावर विसरलेल्या भाकरीत डांबर मिसळलं तर येईल तसा.

"दाजी, बाजूला घ्या. ब्रेकचं लायनर तापलं."

"टेम्पोचा असेल."

"आपलाच हाय. घ्या बाजूला."

पुढच्या वळणाआधी अण्णांनी ब्रेक दाबला आणि मला त्यांचा गुडघा खाली जाताना दिसला. रोजच्यापेक्षा बराच खाली. "अरे?" एवढंच ते म्हणाले. पुन्हा दोनदा भराभर दाबला, तेव्हा थोडा पकडला. मी ओरडलो, "दुसरा टाका!" वेग कमी होता म्हणून गिअर पडला, इंजिन घुमलं आणि मागून कुणी शर्ट धरून ओढावं तशी गाडी आवरली. डोंगराच्या कडेला रुंद जागा होती, तिथं घेतली.

मामा उतरले ते थेट दगड शोधायला. चाकाखाली दगड लावला, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवली आणि हँडब्रेक ओढू दिला नाही. तापलेल्या ड्रमवर लायनर आवळून ठेवू नयेत, म्हणाले. मी पाण्याची बाटली काढली, तर हातातून काढून घेतली. "तापल्या डिस्कवर पानी वततोस? तडकंल ना." पुढच्या चाकाजवळ हात नेला तर चुलीपुढं बसल्यासारखी धग लागली. भुरभुर पावसाचे थेंब जाळीतून आत जायचे आणि 'चुस्स' व्हायचं.

मग मामांनी अण्णांना एक प्रश्न विचारला. "पायडल कडक ऱ्हाऊन गाडी थांबंना, का पायच खाली गेला?"

"पाय खाली गेला."

"हं," मामा म्हणाले आणि माझ्याकडं बघितलं. त्या बघण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

अर्धा-पाऊण तास तिथं बसलो. खाली धुक्याच्या फटीतून धोमचं पाणी दिसत होतं. अण्णा फारच पडेल झाले होते, बहुधा म्हणूनच मामांनी गोष्ट काढली.

"अठ्ठ्याऐंशी साल आसंल. गाडीत साखर. कुंभार्ली उतरत हुतो तिसऱ्यात. उतार वाढला, म्हनलं दुसरा टाकावा. क्लच दाबला, तिसरा काढला, दुसरा जाईना. कर्रर्र करतंय नुसतं. तवर गाडी पळाली. आता तिसराबी परत घेईना. दाजी, मी न्यूट्रल मारलं न्हवतं. न्यूट्रल पडलं."

"मग?"

"मग काय, ब्रेकवर हुबा ऱ्हायलो. दोन वळणं निघाली. तिसऱ्याला पायाखाली कायच न्हाय. डोंगराच्या अंगाला पानी जायाचा चर हुता, त्यात डावी चाकं घातली. घासत घासत थांबली. क्लीनर पोरगं दार उघडून उडी मारायच्या तयारीत बसल्यालं. दोघंबी कितीतरी येळ बोललो न्हाय. मग त्यो म्हनला, वस्ताद, भूक लागली."

"हे कधी सांगितलं नाहीत, पाव्हणं."

"ताईला कळलं आसतं तर परत गाडीवर जाऊ दिलं आसतं व्हय?"

ही गोष्ट मी तीस-पस्तीस वर्षांत पहिल्यांदा ऐकत होतो, आणि त्यातलं सगळ्यात भयंकर मला ते 'पडलं' वाटलं. घाट सुरू होण्याआधी गिअर का निवडायचा, ते त्या एका शब्दात होतं. उताराच्या मध्यावर गिअर बदलायचा म्हणजे क्षणभर न्यूट्रलमधून जावं लागतं, आणि वेग वाढलेला असेल तर तो क्षण संपत नाही. भरलेली गाडी तर सोडाच, मोकळ्या गाडीतही मामांनी घाटात कधी न्यूट्रल केलं नाही. "त्याल वाचवायचं ते सपाटीला. घाटात जीव वाचवायचा," म्हणाले. ट्रकवाल्यांबद्दलची माझी समजूत तिथंच संपली.

उरलेला घाट मामा उतरले. दुसरा गिअर, इंजिन जरा वरच्या पट्टीत गात होतं, ब्रेक फक्त वळणाआधी, दाबून लगेच सोडून. मी मोजलं नाही, पण त्यांचा पाय ब्रेकवर होता त्यापेक्षा खाली मॅटवर जास्त वेळ होता.

ब्रेक न लावता गाडी आवरते कशी, हे अण्णांनी वाईला लॉजवर विचारलं. सायकलचा पंप घ्यायचा, तोंडावर बोट दाबायचं आणि दांडा ओढायचा. ओढवत नाही. पेट्रोल इंजिनात पाय काढला की एक झडप हवेची वाट जवळजवळ मिटवते आणि पिस्टनला त्या मिटलेल्या तोंडातून हवा ओढावी लागते. ती ओढ चाकांना धरून ठेवते. डिझेलला अशी झडप साधारणपणे नसते, म्हणून वजनाच्या मानानं त्याची पकड कमी, आणि म्हणूनच ट्रक-बसना धुराच्या नळीत झडप बसवून एक्झॉस्ट ब्रेक देतात. घाटात बसच्या पोटातून जो फुस्स-घर्रर्र आवाज येतो, त्यातला बराचसा त्याचाच.

मग मास्तरांनी वहीच्या मागच्या पानावर हिशोब मांडला. गाडी आणि आम्ही तिघं मिळून १,२०० किलो. सहाशे मीटर खाली. साधारण ७० लाख ज्यूल. वीस-बावीस लिटर थंड पाण्याला उकळी फुटेल एवढी उष्णता. वीस मिनिटांत उतरलो तर दोन हजार वॅटचे तीन गिझर सतत चालू ठेवल्यासारखं. थोडी हवा खाते, थोडी टायर. बाकीची कुठंतरी जायलाच हवी, इंजिनात नाहीतर ब्रेकमध्ये.

"तीन गिझर," अण्णा स्वतःशीच म्हणाले. "आणि वाचवलं किती?"

न्यूट्रलमध्ये इंजिन तासाला पाऊण लिटरच्या आतबाहेर पितं. वीस मिनिटांचं पाव लिटर. तेसुद्धा वाचलं नव्हतं, जास्तीचं गेलं होतं.

दिवस तिसरा : वाई ते सांगली

सकाळी ढोल्या गणपती, मग मेणवली. नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा घाट सकाळच्या उन्हात, कुणी नसताना बघावा. तिथं कृष्णेच्या पायरीवर बसून मामांनी पाय धुतले आणि म्हणाले, "हीच पुढं आपल्या सांगलीला." काल ज्याच्यावरून जीव खाली-वर झाला तो उतार हे पाणी रोजच उतरतंय, हे माझ्या डोक्यात आलं, पण बोललो नाही.

ब्रेक आता नेहमीसारखे लागत होते, तरी मी सावकाश घेतलं. साताऱ्याहून कऱ्हाडकडे हायवे हळूहळू खालीच उतरत जातो. एका लांब, हलक्या उतारावर अण्णा म्हणाले, "आता इथं कर न्यूट्रल. प्रयोग म्हणून."

मागं-पुढं कुणी नव्हतं. पाचव्या गिअरमध्ये पाय काढला तर गाडी सत्तरवरून साठ, पंचावन्नवर आली आणि पुन्हा रेस द्यावी लागली. पुढच्या तसल्याच उतारावर न्यूट्रल केलं, तर वेग टिकून राहिला आणि गाडी कितीतरी लांब गेली. एवढ्या लांबीला पेट्रोल लागलं ते नुसतं इंजिन चालू राहण्यापुरतं.

"म्हणजे इथं मी बरोबर."

बरोबर होते. हलक्या उतारावर इंजिनाची ओढ नकोशी असते, आणि तिथं न्यूट्रलनं थोडंफार वाचतं. मी कबूल केलं. अण्णांचा चेहरा पुन्हा कोथिंबीर मिळाल्यासारखा झाला.

तेवढ्यात उसाचा ट्रॅक्टर सर्व्हिस रोडवरून आरामात हायवेवर शिरला, मागं दोन रिकाम्या ट्रॉल्या. मी ब्रेक दाबला, मग बाजूच्या लेनमध्ये जायला रेस दिली. इंजिन नुसतं बोंबललं, गाडी पुढं सरकेना. न्यूट्रल. गिअर शोधून टाकेपर्यंत एक सेकंद गेला असेल, पण मागून येणाऱ्या बसचा हॉर्न त्या सेकंदात चांगलाच लांब वाटला.

"सपाटीला म्हनलो हुतो मी," मागून मामा. "हायवेला न्हवं."

पुण्याजवळच्या नवले पुलाकडचा उतारही असाच हलका वाटतो, आणि तिथं ट्रक न्यूट्रलला सोडल्यानं काय होतं ते नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकनं एकामागून एक गाड्या ठोकल्या, त्या रात्रीनंतर सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलंय. अण्णांनीही पाहिलं होतं. प्रयोग तिथंच बंद केला.

दिवस चौथा : गॅरेज

प्रवास संपला होता, पण मामा सकाळी आठला दारात. "गाडी दाखवून आनू."

मेकॅनिकनं चाकं काढली. पॅडवर चकाकी चढलेली, कागदानं घासून साफ केली, अजून चालतील म्हणाला. मग त्यानं ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण उघडलं, आत बघितलं आणि एका पांढऱ्या कपात थोडं काढून आमच्यापुढं धरलं. नवं ऑइल मधासारखं फिकट पिवळं असतं. कपात होता तो टपरीवरचा उकळून-उकळून काळा झालेला चहा.

पायाचा दाब चाकांपर्यंत नेतं ते हेच ऑइल, आणि ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट-३ दर्जाचं ऑइल नवं असताना निदान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही. पाणी मुरलं की ती मर्यादा १४० वर येते, म्हणून साधारण दोन वर्षांनी बदलायचं. उकळलं की नळीत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, म्हणून पाय खाली जातो. लायनर तापल्यावर पायडल कडकच राहतं. मामांनी घाटात जो प्रश्न विचारला होता, तो ह्यासाठी.

गाडी माझ्या नावावर. घेऊन सहा वर्षं झालेली. तीन दिवस इंजेक्टर आणि ऑक्सिजन सेन्सर शिकवत होतो तो मीच.

अण्णांनी चष्मा पुसला, कप हातात घेऊन उजेडात धरला आणि शाळेतल्या आवाजात विचारलं, "हे शेवटचं कधी बदललं होतंस?"

मामा गॅरेजच्या छताचे पत्रे मोजत होते.